न पाहिलेल्या कुझकोची अर्ध्या दिवसाची सहल

शुक्रवार, ७ जानेवारी १९७२. लेस्टर.

नव्या वर्षाचे संकल्प. पहिला, ही नोकरी सोडायची नाही. (पाचवी आहे. बिस्किटं, बूट, हॉस्पिटलची लाँड्री, बसची कंडक्टरी आणि आता फोटोची लॅब.) दुसरा, रोज एक इंग्रजी शब्द शिकायचा. तिसरा, हदासा.

आज एझरा काकांकडे किद्दुशला, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ लागतानाच्या प्रार्थनेला, गेलो आणि जेवलो. अख्ख्या लेस्टरमध्ये बेने इस्रायली घर हे एकच. दुसरा मी, पण मला घर नाही, खोली आहे, तीही यशोधनबरोबर अर्धी. त्यामुळे दर शुक्रवारी मला बोलवावंच लागतं. जेवणानंतर काकांनी एक फोटो फिरवला. हदासाला सांगून आलेला, गिडियन नावाचा मुलगा. इस्रायलमध्ये बीरशेवाला बँकेत आहे. रजेत युरोप फिरतो. काका म्हणाले, जग बघितलेला मुलगा आहे, मे महिन्यात शावुओतचा सण येतो, तोपर्यंत होय-नाही कळवायचंय. काकांच्या मुलीने, म्हणजे हदासाने, फोटो बघितला आणि म्हणाली, कान केवढे आहेत. तिची आई, रेचल मावशी, म्हणाली, कानांशी लग्न लावायचं नाहीये.

काहीतरी बोलणं भाग होतं. म्हणालो, जग मीपण बघितलंय. काकांनी विचारलं, अलिबाग सोडून कुठलं? मी म्हणालो, पेरू.

आता झालं.

येताना चालत आलो. वाटेत आमच्या प्रेषिताला, एलियाहू हन्नबीला, नवस बोललो. हदासाचं लग्न यंदा ठरू दे, मलिदा करीन. पोहे, गूळ, ओला नारळ, पाच फळं, सगळं साग्रसंगीत. कुणाशी ते बोललो नाही. नबीला आपण काय सांगायचं? त्यांना सगळं ठाऊक असतं.

शनिवार, ८ जानेवारी

शब्बाथला काम करू नये. पण स्लाइड बघणं हे काम नव्हे.

पेरू तोंडात आला त्याला कारण आहे. लॅबमध्ये एक खोका आहे. लोक फिल्म पोस्टाने पाठवतात, वाटेत पत्त्याचं लेबल निघून जातं, मग तयार स्लाइडी पाठवायच्या कुणाला? त्या खोक्यात पडून राहतात. काल फोरमन ब्रायन म्हणाला, ऑगस्टपासूनचं कुणी विचारलं नाही, सॅम, सगळं बिनमध्ये टाक. टाकताना एक पाकीट उजेडाला धरलं. डोंगर, दगडी भिंती, उंटाच्या भावकीतला एक प्राणी. दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं, कुझको, पेरू. पाकीट कोटाच्या खिशात राहिलं. चोरी नव्हे. केराला मालक नसतो.

आज खिडकीच्या काचेला लावून सगळ्या बघितल्या. एक अडचण. प्रत्येक फोटोत लाल टोपीवाली एक गोरी बाई आहे. ती नसलेल्या चारच निघाल्या. दोनमध्ये फोटो काढणाऱ्याचा अंगठा, एकात धुकं आणि एकात त्या प्राण्याची मागची बाजू.

सोमवार, १० जानेवारी

लायब्ररीत गेलो. तिथल्या बाईंनी पेरूवरचं जाडं पुस्तक दिलं. चित्रं मी वाचली, मजकूर यशोधनने. हा लेकाचा बी.कॉम. असून मोज्यांच्या फॅक्टरीत आहे, आणि मला इंग्रजी वाचून दाखवायचं तर महिनाभर भांडी मी घासायची म्हणतो. कबूल केलं.

त्या पुस्तकात शेवटी सहलीचं पान निघालं. अर्ध्या दिवसाची गाईडेड टूर. आधी मोठा चौक आणि स्पॅनिश लोकांचं कॅथीड्रल. मग सूर्याचं देऊळ, ज्याच्या इंका भिंतींवर स्पॅनिशांनी आपलं चर्च चढवलं. मग बारा कोपऱ्यांचा दगड. मग गावाबाहेर डोंगरावरचा किल्ला. नाव साक्सायवामान. यशोधनने मला ते वीस वेळा म्हणायला लावलं. विसाव्या वेळी खालून लँडलेडी ओरडली.

माझ्या स्लाइडींचा क्रम अगदी हाच आहे. म्हणजे बाई आणि तिचा माणूस ह्याच टूरला गेले होते. म्हणजे मीसुद्धा.

शुक्रवार, १४ जानेवारी

काकांनी विचारलंच. पेरूला गेलास कधी आणि कसा? तयारी होती. म्हणालो, जुलैत फॅक्टऱ्यांचा पंधरवडा बंद होता तेव्हा. कॉर्नफ्लेक्सच्या डब्यावर स्पर्धा होती, घोषवाक्य लिहायचं, पहिलं बक्षीस पेरू. (त्या पंधरवड्यात यशोधन लंडनला गेला होता आणि मी खोलीत एकटा पडून होतो. सगळ्यांना ब्लॅकपूलच्या समुद्रावर जातो असं सांगितलं होतं.) हदासाने विचारलं, घोषवाक्य काय होतं? मी म्हणालो, आता आठवत नाही. ती म्हणाली, पेरूला नेणारं वाक्य विसरलास?

रेचल मावशीने विचारलं, तिथे आपल्या नियमाचं, कोशर, जेवण मिळतं का रे? मी म्हणालो, उकडलेली अंडी आणि केळी खाऊन राहिलो. मावशीला भरून आलं. अजून एक कोलंबी, नाही, चुकलं, अजून एक माशाचा तुकडा वाढला. (कोलंबी ह्या घरात शिरत नाही. डोकं ठिकाणावर ठेवायला हवं.)

काका नुसते बघत होते. प्रभावित झाले असावेत.

रविवार, २३ जानेवारी

सगळं हाताबाहेर चाललंय, पण चांगल्या दिशेने.

महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष डॉ. शशिधर बाजारात भेटले. यशोधनने त्यांना सांगितलं होतं. म्हणाले, अहो झिराडकर, तुम्ही पेरूला जाऊन आलात आणि मंडळाला पत्ता नाही? स्लाइडी आहेत? माझ्याकडे प्रोजेक्टर आहे. फेब्रुवारीचा कार्यक्रम तुमचा. आम्हा डॉक्टर लोकांना वॉर्ड आणि क्वार्टर ह्यापलीकडे काही दिसत नाही, आम्हाला हिंडवून आणा.

मला आजवर कुणी अहो झिराडकर म्हटलं नव्हतं. नाही कसं म्हणणार?

एकच अट घातली. कार्यक्रम शनिवारी, पण दिवस मावळल्यावर, म्हणजे एझरा काकांना येता येईल. शब्बाथ संपायला आकाशात तीन तारे दिसावे लागतात. लेस्टरच्या आकाशात नोव्हेंबरपासून एकही दिसलेला नाही, पण काका घड्याळावर मानतात.

आखणी: कार्यक्रम होतो. टाळ्या पडतात. काका उठून पाठीवर थाप मारतात. मी तिथल्या तिथे विषय काढतो.

शुक्रवार, ४ फेब्रुवारी

बीरशेवाहून दुसरं पत्र आलंय. गिडियनच्या आईचं.

जेवण झाल्यावर हदासा भांडी विसळत होती, मी पुसत होतो. (मला आता सवय आहे.) मावशी बाहेर होती. हदासाने नळ बंद केला. नर्सच्या ड्युटीवरून आली होती, केस अजून वर बांधलेले. म्हणाली, सामू, तुला माझ्याशी काही बोलायचंय का? बराच वेळ तीच बशी पुसतोयस.

म्हणालो, हो. ती म्हणाली, बोल ना. मी म्हणालो, प्रोजेक्टरचा बल्ब जुना आहे, मधेच उडाला तर?

तिने माझ्या हातातली बशी घेऊन ठेवली. मग म्हणाली, जास्तीचा आणून ठेव. आणि नळ सुरू केला.

बरोबरच केलं मी. अर्धवट बोलण्यात अर्थ नाही. कार्यक्रमानंतर काकांसमोर रीतसर बोलायचं.

उद्या बल्ब आणणे.

गुरुवार, १० फेब्रुवारी

कोळसा खाणीवाल्यांचा संप. सरकार पाळीपाळीने एरियाची वीज तोडतंय. काल आम्ही अंधारात बीन्स खाल्ले. डॉक्टर म्हणतात, पेपरातल्या तक्त्याप्रमाणे शनिवारी संध्याकाळी हॉलच्या एरियाला करंट आहे, काळजी नको.

आज स्लाइडी निवडल्या. लाल टोपीवाली ही आमची गाईड असं सांगायचं ठरलं. गाईड प्रत्येक ठिकाणी असणारच. एकच स्लाइड बाजूला काढली. हॉटेलची गॅलरी, सकाळचं ऊन, टेबलावर दोन कप आणि बाई गुलाबी ड्रेसिंग गाऊनमध्ये, कॅमेऱ्याकडे बघून ओठांचा चंबू करून. हसते छान. ही दाखवायची नाही. टेबलावर वेगळी ठेवली. फेकवली नाही, ऊन फार सुंदर आलंय.

शनिवार, १२ फेब्रुवारी. दुपार.

सूट इस्त्री केला. यशोधनने डबीत स्लाइडी भरायला मदत केली. गुणी मुलगा आहे. साक्सायवामान साक्सायवामान साक्सायवामान. आज सगळं ठरणार.

रविवार, १३ फेब्रुवारी

सगळं ठरलं.

नीट क्रमाने लिहितो, नाहीतर डोक्यातून जाणार नाही. हॉल भरलेला. डॉक्टर मंडळी, बायका, शाली, थर्मासमधला चहा. काका, मावशी आणि हदासा तिसऱ्या ओळीत. पहिलीच स्लाइड उलटी निघाली, कॅथीड्रल डोक्यावर उभं. मी म्हणालो, तिथे मोठा भूकंप झाला होता. लोक हळहळले. सुलटी केल्यावर टाळ्या पडल्या.

मग मी सुटलो. मंडळी, हे सूर्याचं देऊळ, भिंतींना सोन्याचे पत्रे होते, स्पॅनिशांनी सोलून नेले. वरचं चर्च भूकंपात ढासळलं, खालची इंकांची भिंत जागची हलली नाही. हा बारा कोपऱ्यांचा दगड, मोजा हवं तर. डॉ. शशिधरांच्या अनुराधाबाईंनी खरंच मोजले. अकरा भरले. मी म्हणालो, बारावा गाईडच्या पाठीमागे आहे. त्या म्हणाल्या, गाईडबाई जरा सरकल्या असत्या तर बरं झालं असतं, सारख्या मधे मधे येतायत. हॉल हसला. मीही हसलो. काका हसले नाहीत.

किल्ल्याची स्लाइड लागली तोच लाइट गेले. तक्ता चुकला होता. प्रोजेक्टरचा पंखा घरघरत थांबला. काळोख. कुणीतरी म्हणालं, चला, घरी जाऊ. आखणीतल्या टाळ्या अजून पडायच्या होत्या. मी ओरडलो, बसा, बसा, किल्ला बाकी आहे! स्लाइडी कशाला हव्यात? मी नेतो तुम्हाला.

आणि बोलायला लागलो. पुस्तकातलं एक अक्षर आठवेना. आठवला तो अलिबागचा आमचा किल्ला, समुद्रातला, जिथे शाळा बुडवून मी वर्षं काढली. म्हणालो, दगडावर दगड, माणसापेक्षा उंच, मधे चुना नाही. हात लावा. उन्हातसुद्धा आतून गार लागतो. फटींतून वारा शिरतो आणि शिट्टी वाजते. खालच्या दगडांवर शेवाळ आहे, चप्पल काढून चाला. वर चढलात की पाय भाजतात, पण तिथून सगळं गाव दिसतं, आपलं घर कुठलं ते ओळखायचं. आणि भरतीच्या आत परत फिरायचं, नाहीतर रात्र तिथेच काढायला लागते.

एक डॉक्टर नाक ओढत होते. मलाच भरून आलं. आयुष्यात मी इतकं चांगलं कधी बोललो नव्हतो.

लाइट आले. प्रोजेक्टर आपणहून सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, एखादी राहिलीय वाटतं, आणि त्यांनी बटण दाबलं.

गॅलरी. गुलाबी गाऊन. दोन कप. भिंतभर चंबू.

यशोधन माझ्या कानाशी म्हणाला, अरे टेबलावर एक विसरला होतास, मी भरली.

सोमवार, १४ फेब्रुवारी

कामाला दांडी मारून काकांच्या ऑफिसाबाहेर थांबलो. ते रेल्वेत क्लार्क आहेत, पाचला सुटतात. म्हणालो, काका, ती बाई माझी कुणी नाही. ते म्हणाले, मी काही विचारलंय का?

आम्ही बस स्टॉपपर्यंत चाललो. मग तेच बोलले. म्हणाले, सामू, खरं सांगू? रेचलच्या मनात तूच होतास. बीरशेवा लांब पडतं, मुलगी डोळ्यांसमोर राहिली असती. मी म्हणायचो, पोरगा चांगला आहे, पण एका जागी टिकत नाही. पाच नोकऱ्या झाल्या. गिडियनचं मला काय आवडलं? आठ वर्षं एकाच बँकेत, एकाच खिडकीवर. आणि तू तर पार पेरूला जाऊन येतोस, कुणाबरोबर ते देवाला माहीत, आणि शेजारच्या खाटेवरच्या यशोधनलासुद्धा कळत नाही. उद्या माझ्या मुलीला सोडून कुठे जाशील ते कुणी सांगावं?

सगळं सांगून टाकलं. खोका, लेबल, लायब्ररी, कॉर्नफ्लेक्स. काका, मी लेस्टर सोडून कुठ्ठे गेलेलो नाही! ब्लॅकपूलसुद्धा नाही!

काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, आता खोटं नको बोलूस. मी माझ्या कानांनी ऐकलंय. दगडाला हात लावल्याशिवाय माणूस असं बोलूच शकत नाही.

बस आली. ते चढले.

रविवार, २० फेब्रुवारी

काकांना पटवण्याचे उपाय. लँडलेडीला साक्षीला नेलं. ती म्हणाली, जुलैत हा होता की नाही मला आठवत नाही, भाडं वेळेवर आलं होतं. काकांनी तिला चहा पाजून परत पाठवलं. ब्रायनला म्हटलं, खोक्याबद्दल लिहून दे. तो म्हणाला, स्लाइडी टाकल्या नाहीस असं लिहून देऊ?

रेचल मावशी म्हणते, चूक झाली असेल तर झाली, पण नाकबूल कशाला करतोस बाळ?

मंडळात मात्र माझं वजन वाढलंय. रस्त्यात लोक साक्सायवामान म्हणून हाक मारतात. डॉ. शशिधरांनी उन्हाळ्यातली वेल्सची सहल माझ्यावर सोपवली. कार्डिफ कुठल्या दिशेला आहे ते बघायला हवं.

बुधवार, १ मार्च

शेवटचा उपाय. हॉस्पिटलच्या फाटकाशी हदासाची वाट बघितली. म्हणालो, तू तरी विश्वास ठेव, मी पेरूला गेलो नव्हतो.

ती म्हणाली, माहितेय.

मी म्हणालो, कसं? ती म्हणाली, अकरा हजार फुटांवर भरती कुठून येणार रे? हॉलमध्ये एवढे डॉक्टर बसलेले, एकाच्याही लक्षात आलं नाही. शिवाय तू नॉटिंगहॅमला जायला निघालास तेव्हा डर्बीला उतरला होतास. तू पेरूला पोचशील होय?

मला इतका आनंद झाला की तिचा हातच धरला. म्हणालो, मग काकांना सांग! ती म्हणाली, सांगितलं. ते म्हणाले, तू त्याला पाठीशी घालतेयस.

मग तिने हात सोडवून घेतला, सावकाश, पेशंटचा सोडवतात तसा. म्हणाली, सामू, पेरू-बिरू राहू दे. त्या दिवशी नळ बंद करून मी तुला काय विचारलं होतं?

मी म्हणालो, बल्ब आणलाय.

(असं का म्हणालो? का?)

मग घाईघाईने म्हणालो, आता सांगतो, ऐक. ती म्हणाली, आता नको. गिडियनने मला स्वतः लिहिलंय. लिहितो की फोटोत कान मोठे दिसत असतील तर ते खरोखरच तेवढे आहेत. मला हसू आलं रे वाचून. मी उत्तर टाकलंय.

तिची बस आली. ह्या शहरात बसा फार वेळेवर येतात.

संकल्प: उद्याच बीरशेवाला जाऊन गिडियनला गाठायचं. पासपोर्ट शोधणे.

गुरुवार, २ मार्च

पासपोर्ट सापडला. मुदत संपलीय.

रविवार, २८ मे

हदासाचं ठरलं. शावुओत झालं, होकार गेला. जूनमध्ये सगळे बीरशेवाला निघतात. काकांनी आठवड्यापूर्वी सांगितलं, तेव्हा मी अभिनंदन म्हणालो. इंग्रजीत म्हणालो, रोज एक शब्द शिकतोय ना.

त्याच दिवशी नवस आठवला. हदासाचं लग्न यंदा ठरू दे, मलिदा करीन. ठरलं की. नबीने शब्द न् शब्द पाळला.

बराच विचार केला. नवस चुकवायचा तर कुणाकडे दाद मागणार? काकांना जाऊन म्हणालो, मलिदा मी करतो, माझा नवस आहे. काका बघतच राहिले. विचारलं, आमच्या हदासासाठी तू नवस बोलला होतास? मी म्हणालो, हो. त्यांचे डोळे भरले. म्हणाले, सामू, तुला ओळखायला मी चुकलो रे.

तोच क्षण होता. पण आता विषय काढून काय करायचं?

आज सकाळी बेलग्रेव्ह रोडवरून नारळ आणले. त्यांच्या स्वयंपाकघरात विळीवर बसून खवले. मावशीने पोहे भिजवले, गूळ मी किसला. हदासा फळं चिरत होती. म्हणाली, नारळ छान खवलायस, बारीक. काकांनी ताट पुढे घेऊन एलियाहू हन्नबीचं गाणं म्हटलं, आम्ही सगळ्यांनी म्हटलं. तिच्यासाठी चांगलं माग, असं मावशी कानात म्हणाली. मागितलं. ह्या वेळी नाव घालून मागितलं, गिडियनचं.

चूक माझी. लॅबमध्ये रोज बघतो, लेबल नसलेलं पाकीट कुणाच्या वाट्याला जाईल सांगता येत नाही. आणि नवस मी नेमका तसाच टाकला होता.

निघताना मावशीने डबाभर मलिदा दिला. यशोधनने उभ्या उभ्या अर्धा खाल्ला. म्हणाला, मस्त झालाय, कशाबद्दल होता?

मी म्हणालो, पेरूहून सुखरूप परत आलो त्याबद्दल.

उद्या सहाची शिफ्ट. नोकरी तेवढी टिकून आहे.